अर्जुनरावांचा जनरेटर

वस्तू जपावी, पण किती जपावी याचं भान अर्जुनरावांना कधी आलं नाही. फवारणीचा नवा पंप माळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. आणि जुना, गळका पंप त्यांच्या पाठीवर. लेकाच्या लग्नात आलेल्या स्टीलच्या टाकीवरचा कागद अजून निघाला नव्हता. नवी चप्पल पिशवीत घालून ते पाहुण्यांच्या गावापर्यंत जुनीवर जात आणि वेशीत बदलत. त्यांची बायको सत्यभामाबाई चारचौघांत सांगे, अर्जुनराव समोर बसलेले असतानाच सांगे, "यायनं मलेही घडी घालून पेटीत ठेवलं असतं. पण भाकरी कोण थापीन, म्हून वापराले काढलं."

लोक हसत. अर्जुनराव सुपारी कातरत म्हणत, "बोल. तोंड काही वापरून झिजत नाही."

पण या वर्षी सत्यभामाबाईचं गाऱ्हाणं गमतीच्या पलीकडं गेलं होतं. अर्जुनराव आता जमीनही जपायला लागले होते. तीही सुनेपासून.

सून रुपाली, बीबी गावाकडची. तिचं माहेर भाजीपाल्याचं. लग्न होऊन देऊळघाटच्या शिवारात आली आणि विहिरीकडचा काळाभोर तुकडा बघून तिचे हात शिवशिवायला लागले. त्या तुकड्यात अर्जुनराव बापजाद्यांपासून हरभरा पेरत आलेले. शेवटी यंदा रुपालीनं तिथं गाजर लावतो म्हटलं. अर्जुनरावांनी आठ दिवस सुपारी कातरत काढले, मग अंगणात माणसं बसलेली पाहून ठरवून बोलले, "एक हंगाम देतो. भोगीच्या बाजारात माल गेला तं तुकडा तुहा. बाजार हुकला तं तुकडा माहा, अन् मंग त्या तुकड्याचं नाव काढाचं नाही."

माणसांसमोर बोललेलं ते. त्यात आता बदल नव्हता. अर्जुनराव वस्तू जपत तसा शब्दही जपत, हीच तर पंचाईत होती.

गाजर आलं मात्र असं, की उपटताना बायांच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघे. लालबुंद, हातभर, सरळ. पण काळी माती मोठी मायाळू, गाजराला सोडायला तयार नाही. गाजर निघायचं ते चिखलाचा सदरा घालूनच. म्हणून अविनाशनं, म्हणजे रुपालीच्या नवऱ्यानं, वेल्डिंगवाल्याकडून धुण्याचा ड्रम बनवून घेतला होता. लोखंडी पट्ट्यांचा आडवा पिंजरा, वरून भोकाभोकाचा पाइप, खाली छोटी मोटर. गाजरं आत टाकायची, पाणी सोडायचं, ड्रम फिरवायचा; दुसऱ्या तोंडातून गाजर नवरीसारखं बाहेर.

परवा भोगी. उद्या पहाटे बुलडाण्याचा बाजार. आज सकाळी ड्रमच्या शेजारी छातीएवढा ढीग रचला, हौद वरपर्यंत भरला, आणि अविनाशनं बटण दाबलं. ड्रम दोन वेढे फिरला. तेवढ्यात वरच्या विजेच्या डीपीवर फाडकन आवाज झाला, निळा जाळ दिसला आणि ड्रम जागच्या जागी उभा राहिला.

वायरमन मोटारसायकलवर येऊन, मान वर करून डीपी बघून गेला. "केबल जळाली. परवापरेंत काही होत नाही."

"परवा काय तुले पुरणपोळीचं बलावणं आहे का मा?" सत्यभामाबाई त्याच्या पाठीवर ओरडली. "बाजार उद्या आहे!"

अर्जुनराव बांधावर उभे होते. विहिरीकडच्या तुकड्याकडं बघून त्यांनी घसा साफ केला. त्या घसा साफ करण्यात अख्खा हरभरा पेरलेला सत्यभामाबाईला ऐकू आला.

"बसू नका," ती बायांना म्हणाली. "ड्रम नसन तं पाय आहेत."

पत्र्याच्या, दोघी मावतील एवढ्या टोपल्यात पाणी ओतलं, गाजरं टाकली, आणि लुगडं गुडघ्यावर खोचून ती स्वतः आत उतरली. तिच्याबरोबर शेजारची सोजराबाई. पौषातलं पाणी, पहिल्या क्षणी हाडात सुई गेली. टाचेच्या भेगांत माती शिरून चरचरायला लागली. दोघी एकमेकींचे खांदे धरून गाजरं तुडवत होत्या, खाली गाजरं पाय सटकवत होती.

"सत्यभामा," सोजराबाई दात वाजवत म्हणाली, "लग्नात तुह्या नवऱ्यासंगं तरी अशी खांद्याले खांदा लावून नाचली होती का वं?"

"त्यायनं धोतर मळन म्हून नाचूच देल्लं नाही."

टोपलं उपसलं तेव्हा पाठ मोडून आली होती, आणि धुतलेली गाजरं बघितली तर एक पोतंही भरेना. वर त्यातली कितीतरी पायाखाली तुटलेली. ढीग होता तसाच होता. रुपाली तुटकी गाजरं वेचत बसली होती. नाकाचा शेंडा लाल झाला होता. पोरगी रडायच्या आधी अशीच लाल होते हे सत्यभामाबाईला ठाऊक होतं.

"आत्याबाई," रुपाली हळूच म्हणाली, "आपल्या घरात जनरेटर आहे ना?"

टोपल्यात उभ्या सत्यभामाबाईनं पाय थांबवले. आहे ना! अविनाशच्या लग्नात लाइटीचा भरवसा नाही म्हणून खामगावहून आणलेला. लग्नाच्या रात्री वाजला आणि तेव्हापासून कोठीत, गोधडीखाली. तिच्या स्वतःच्या घरातली वस्तू, आणि तिला आठवली नाही, इतकी ती झाकलेली.

"अवि," ती म्हणाली, "जा. काढ त्याले बाहेर."

"कोणाले?" अर्जुनराव बांधावरून खाली उतरले.

"तुमच्या कुळदैवताले."

"थो घरचा आहे. वावरात चिखलात नाही येणार. अन् वर्षानुवर्षं बंद आहे, उगा खोलखाल करून वाट लावसान."

"बंद आहे म्हून वाट लागली, आमी काय लावणार?" सत्यभामाबाई टोपल्यातून बाहेर आली. पायावरून चिखलाचं पाणी ओघळत होतं. "तुमी म्हणता बाजार हुकला तं तुकडा तुमचा. बरं. पण धुवाचं साधन घरात असताना कोठीले कुलूप लावून बसलात, तं थो बाजार हुकला नाही, तुमी हुकवला. मंग गावाले काय सांगाचं?"

अर्जुनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. बाया ऐकत होत्या. त्यांनी कंबरेची किल्ली काढून अविनाशच्या हातावर ठेवली. "पाना-पेचकस सांभाळून लावजो. रंग उडन."

बैलगाडीत पोत्यांवर निजवून जनरेटर वावरात आणला. एक गोधडी काढली, खाली दुसरी. दुसरी काढली, खाली प्लास्टिक. प्लास्टिकखाली मशीन. त्यावर झेंडूचे सुकलेले हार एकावर एक, दसऱ्याचा एकेक. पेट्रोलच्या टाकीवर हळदीची बोटं, झाकणावर शेंदूर. अर्जुनराव दर दसऱ्याला कोठीत जाऊन त्याची पूजा करत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चालू करायची दोरी मात्र त्यांनी एकदाही ओढली नव्हती.

"आरती लावा मंग," सोजराबाई म्हणाली. "हा काही उठत नाही."

अविनाशनं दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोरीनं उलटा हिसका दिला आणि अविनाश गाजराच्या ढिगावर जाऊन बसला. पेट्रोलचं झाकण उघडलं तर आतून जुन्या वार्निशाचा वास.

मग फाट्यावरून शेखरला बोलावलं. शेखरचं मोटारसायकलीचं गॅरेज होतं. पोरगा कामाचा, पण बोलणं कामाच्या दुप्पट. आल्या आल्या त्यानं बाह्या सरसावल्या आणि जनरेटरभोवती एक फेरी मारली.

"काकू, दहा मिनिटात हाणतो त्याले. माह्या हातून असं मशीन सुटलं नाही अजून."

"आधी हाण. मंग मिनिटं मोजू."

सडकं पेट्रोल काढून टाकलं. ते चहासारखं तांबूस निघालं. प्लग काढला, कोळशासारखा काळा. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. ऑइल बदललं. हवेची जाळी उघडली तर आत उंदरानं घर केलेलं. गोधडीचा कापूस, हाराच्या पाकळ्या, लग्नपत्रिकेचा सोनेरी तुकडा.

"हे पाहा," सत्यभामाबाई अर्जुनरावांना म्हणाली, "वापरला कोणीतरी."

शेखरनं कार्बोरेटर उघडलं. आतल्या बारीक पितळी भोकात चिकट डिंक बसला होता. तो त्यानं पेट्रोलमध्ये भिजवला, तारेच्या केसानं साफ केला, फुंकला, डोळ्यासमोर धरून सूर्याकडं पाहिलं. बाया भोवती कोंडाळं करून उभ्या. त्याच्या चेहऱ्यावर डॉक्टरचा भाव आला. नवं पेट्रोल भरलं, झाकण कच्च आवळलं, चोक ओढला, दोरी ओढली.

धाड्! निळा धूर निघाला आणि जनरेटर असा काही ओरडायला लागला की झाडावरचे बगळे उडाले.

बायांनी टाळ्या वाजवल्या. अविनाशनं वायर जोडली, ड्रम फिरायला लागला, रुपालीनं पाण्याचा कॉक उघडला आणि घमेल्यानं गाजरं आत टाकायला सुरुवात केली. चिखलाचे काळे दांडके आत जात, गडगडत, एकमेकांना घासत, आणि दुसऱ्या तोंडातून लाल, ओली, चकाकणारी गाजरं पोत्यावर पडत. सोजराबाईनं पहिलं उचलून कडकन खाल्लं.

"गोड आहे वं! पेढाच जसा!"

पोतं अर्धं झालं. दुसरं घमेलं गेलं, तिसरं गेलं. आणि जनरेटर घोगरा झाला, खोकला, दोनदा आचके दिले आणि बंद पडला.

"गरम झाला," शेखर म्हणाला. "नवा नवा आहे, थकला."

त्यानं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. भरपूर होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, चालू. बायांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, जरा कमी. चार घमेली झाली आणि पुन्हा तोच खोकला, तेच आचके.

"लोड ओढत नाही," शेखर म्हणाला. "ड्रम जड आहे."

ड्रमची वायर काढली. झाकण उघडून पेट्रोल पुन्हा पाहिलं, रिकामा चालवला. रिकामाही तितकाच चालून बंद पडला.

"मंग काय हवा जड आहे का बापू?" सत्यभामाबाईनं विचारलं.

शेखरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली बसला, पुन्हा प्लग काढला, पुसला. प्लग चांगला. कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढली. नळीतून थेंब पडले आणि थांबले.

"नळी जाम आहे!" तो ओरडला. नळी काढून फुंकली, सरळ, मोकळी. टाकीखालची जाळी काढली, धुतली, साफ. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, भरपूर. आणि गंमत अशी की आता नळीतून पेट्रोल धारेनं पडायला लागलं.

"ठीक झालं की!"

ठीक झालं नव्हतं. जनरेटर पुन्हा तितकाच चालला.

सूर्य कलला होता. ढिगाचा निम्मा भाग तसाच चिखलात. टेम्पोवाला येऊन बांधावर उकिडवा बसला होता आणि घड्याळाकडं बघून बघून सगळ्यांचा जीव खात होता. अर्जुनराव गोधडीच्या घड्या घालायला लागले होते. सत्यभामाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"घड्या नका घालू. मेला नाही थो अजून."

रुपाली एवढा वेळ ड्रमच्या तोंडाशी उभी होती, कोपरापर्यंत लाल झालेले हात कंबरेला पुसत. ती पुढं आली.

"शेखरभाऊ, एक सांगू का? तुमी प्रत्येक डाव झाकण उघडून पाह्यता, अन् मंगच थो चालू होते. न उघडता एकदाही झाला नाही."

"झाकणाचा काय संबंध वहिनी? पेट्रोल हाय का पाह्यतो मी."

"अन् उघडताना ते फुस्स करते."

"मशीन हाय, आवाज करनच."

"उघड बरं पुन्हा," सत्यभामाबाई म्हणाली. तिनं पदर कानामागं सारून कान झाकणाजवळ नेला. शेखरनं झाकण सैल केलं.

फुस्स.

हवा बाहेर आली नव्हती. हवा आत गेली होती. तिच्या कानाजवळचा केस झाकणाकडं ओढला गेला होता.

सत्यभामाबाई ताठ उभी राहिली. हा आवाज तिनं ऐकलेला होता. सणासुदीला तेलाचा पिपा फोडताना एकच भोक पाडलं की तेल येतं ते भकभक करत, थांबत, रडत. दुसरं भोक पाडलं, वरून हवा गेली, की सुतासारखी धार.

"रुपाली, पिप्याले भोकं किती पाडतो आपण?"

"दोन," रुपाली म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "आत्याबाई! याले वरतं भोक नाही!"

"असते!" शेखर आता उडी मारून पुढं आला. "असते काकू, झाकणाले असते, मधोमध. हवा घ्याले. मी पाह्यलंच नाही!" त्यानं झाकण काढून हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "कुठं गेलं?"

झाकणाच्या मधोमध शेंदूर होता. तेलात कालवलेला, एका दसऱ्याचा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, वाळून लाखेसारखा टणक झालेला, अंगठ्याएवढा गोल टिळा.

सगळ्यांनी झाकणाकडं पाहिलं. मग सगळ्यांनी अर्जुनरावांकडं पाहिलं.

अर्जुनरावांच्या हातात अर्धी घडी घातलेली गोधडी होती. "टिळा कपाळालेच लावतात," ते म्हणाले. "मले तेच कपाळ वाटलं."

"कपाळ नव्हतं ते भाऊजी," सोजराबाई म्हणाली. "नाक होतं! दर दसऱ्याले त्याचं नाक दाबून तुमी हात जोडत होते!"

हसण्याचा असा लोट उठला की टेम्पोवाला घड्याळ विसरून उभा राहिला. सोजराबाई हसता हसता चिखलातच बसली. शेखर पोट धरून वाकला. अविनाश बापासमोर हसू नये म्हणून ड्रमच्या मागं गेला, आणि ड्रमच्या पट्ट्यांतून त्याचं हसणं बाहेर आलं. शेवटी अर्जुनरावांच्या मिशाही थरथरल्या.

सत्यभामाबाईनं बांगडीत अडकवलेली पिन काढली. शेंदूर पेट्रोलनं ओला केला, नखानं खरवडला. लाल पापुद्रे निघत गेले. प्रत्येक पापुद्र्याबरोबर सोजराबाई "हा परसालचा, हा त्याच्या आदल्या सालचा" म्हणत होती. शेवटी पितळ दिसलं. पितळात सुईएवढं भोक. पिन आरपार गेली.

झाकण लावलं. या वेळी दोरी रुपालीनं ओढली.

आणि मग जनरेटर थांबलाच नाही. ड्रम फिरत होता, पाणी उडत होतं, उतरत्या उन्हात उडणाऱ्या पाण्याचे थेंब लाल दिसत होते. अविनाश घमेली भरत होता, रुपाली आत ओतत होती, शेखर काम संपलं तरी गॅरेजला गेला नाही, पोती शिवायला बसला. बायांची रांग लागली. एकीनं तुटकं वेगळं करायचं, दुसरीनं पाला खुडायचा, तिसरीनं भरायचं. मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळ्या ओरडून बोलत होत्या आणि ओरडून बोलत असल्यामुळं जास्तच हसत होत्या. सत्यभामाबाईचे पाय गारठले होते, कंबर धरली होती, हातांवर गाजराचा लाल रंग चढला होता, आणि लेकाच्या लग्नातही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मध्येच पेट्रोल संपत आलं तेव्हा कॅन घेऊन कोण धावलं, तर अर्जुनराव. धोतर वर खोचून, चिखलातून. मळेल, रंग उडेल, असं काही तोंडातून आलं नाही. त्यांनी पेट्रोल ओतलं, झाकण लावलं, आणि लावल्यावर वाकून त्या भोकावर बोटाचं टोक धरून पाहिलं. मग कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागं पाहिलं. सत्यभामाबाईनं बघितलं होतं. तिनं पुढ्यातल्या पोत्याचं तोंड उघडून धरलं.

दिवस मावळायच्या आत शेवटचं पोतं टेम्पोत चढलं. अर्जुनराव कोणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. "बाजारात घरचं माणूस लागते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले तेव्हा टेम्पो रिकामा होता आणि अर्जुनराव भरलेले होते. बाजारात ऊन यायच्या आधी माल संपला. बायांनी पोत्यात हात घालून गाजरं ओढली. व्यापारी नाव विचारत होते. हे सगळं त्यांनी अंगणात सांगितलं, दारात सांगितलं, शेजारी सांगितलं. "आपण गाजर असं लावतो," असं सांगितलं. "आपण ड्रमवर धुतो," असंही सांगितलं. सत्यभामाबाई चुलीपुढं बाजरीचं पीठ मळत ऐकत होती, मोजत नव्हती, पण साठवत होती.

भोगीच्या दिवशी सगळे ओटीवर जेवायला बसले. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वर लोण्याचा गोळा. गाजर, वाल, ओला हरभरा, बोरं, वांगी घातलेली भाजी. सोजराबाई आणि शेखरही ताटावर होते. वाढायला रुपाली. ती आज हिरव्या काठाचं लुगडं नेसली होती, आणि एकदाही अर्जुनरावांकडं बघत नव्हती. त्यांनी अजून त्या तुकड्याबद्दल शब्द काढला नव्हता.

अर्जुनरावांनी तीन घास खाल्ले. चौथा हातात धरून घसा साफ केला. सगळ्यांचे हात थांबले.

"पोरी," ते म्हणाले, आवाज मालकाचा काढून, "बोललो तसं. विहिरीकडचा तुकडा मी तुले देल्ला."

रुपालीनं पळी परत पातेल्यात ठेवली. अविनाशनं बायकोकडं पाहिलं. शेखर टाळी वाजवणार होता, पण हातात भाकरी होती.

सत्यभामाबाईनं स्वतःच्या ताटातून मान वर केली. तिनं तोंडातला घास सावकाश चावून गिळला, पाण्याचा घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून, शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"तुमी काही देल्लं नाही. तिनं घेतला, हाताले फोड आणून. तुमी एकच काम चांगलं केलं या हंगामात, पेट्रोलचा डबा घेऊन धावले. त्याच्यासाठी मी ही दुसरी भाकर वाढून राह्यली. खा. अन् पुढच्या वर्षी तिले मजूर कमी पडले, तं इचारन ती तुमाले. येसान ना?"